कॉपी झालं, पण उघडत नाही: विंडोजवरून लिनक्सवर फाइली नेताना पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणी

"अगं, शंभर टक्के झालं म्हणून दाखवलं त्याने. आणि आता पत्रिका उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. वीस वर्षांचं काम आहे गं ते."

मामांचा हा फोन दिवाळीनंतरचा. त्यांचं डीटीपीचं छोटं दुकान जुन्या नाशकात, सराफ बाजाराकडे उतरणाऱ्या एका गल्लीत आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, मंडळांची पावतीपुस्तकं, सप्ताहाची पत्रकं अशी कामं ते करतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी बाजारात शिरलं तेव्हा मामांनी सगळ्यात आधी हा संगणक माळ्यावर चढवला होता, कागदाची रिमं नंतर. त्यामुळे "फाइली गेल्या वाटतं" हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना माझ्याच पोटात गोळा आला.

फाइली गेल्या नव्हत्या. एकही गेली नव्हती; सगळ्या नव्या लिनक्सच्या मशीनवर आल्या होत्या. पण त्या उघडायला जे लागतं ते जुन्या विंडोजमध्येच राहिलं होतं, आणि ती विंडोज पुसायची तयारी सुरू झाली होती. दुकानात येणारा मुलगा दुसऱ्या दिवशी डिस्क फॉरमॅट करणार होता. मी मामांना एवढंच सांगितलं: "मामा, आज त्या जुन्या मशीनला कुणालाही हात लावू देऊ नका. मी संध्याकाळी येते."

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. चांगले चालणारे कितीतरी संगणक तिथेच अडतात. म्हणून ओळखीतले बरेच जण लिनक्स मिंट किंवा उबुंटूकडे, म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणाऱ्या लिनक्स प्रणालींकडे, वळताहेत. निर्णय चांगला आहे, मी स्वतः मिंटच वापरते. पण सिडकोपासून पंचवटीपर्यंत ज्या ज्या घरी मी या कामाला गेले, तिथे अडचणी त्याच त्याच निघाल्या. आणि त्यांचं कारणही प्रत्येक वेळी एकच असतं: दुरुस्ती जुन्या विंडोजमध्ये करायची असते आणि लोक ती नव्या लिनक्सवर बसून शोधत राहतात. तोवर विंडोज पुसलेली असते.

त्यामुळे खालचं वाचताना एक गोष्ट धरून चाला. तुमचा जुना संगणक अजून विंडोजमध्ये सुरू होतो आहे. होत असेल तर बहुतेक सगळं सुटतं.

जुनी डिस्क 'फक्त वाचा' अशी उघडते, किंवा उघडतच नाही

तक्रार अशी येते: जुनी डिस्क नव्या संगणकाला जोडली, किंवा त्याच संगणकावर पेनड्राइव्हवरून मिंट सुरू केलं, आणि डिस्क माउंट होईना, म्हणजे वापरायला उघडेना. संदेशात 'हायबरनेट', 'अनक्लीन' किंवा 'डर्टी' असा शब्द असतो. कधी डिस्क उघडते, पण तिच्यावर काही लिहिता येत नाही.

कारण आहे फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून ही सोय आली. तुम्ही 'शट डाउन' दाबता तेव्हा विंडोज पूर्ण बंद होत नाही; आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि झोपते, म्हणजे उद्या लवकर उठता येईल. डिस्कच्या हिशेबाची वही उघडीच राहते. लिनक्सला ती उघडी वही दिसते आणि तो हात आखडता घेतो. हे योग्यच आहे, कारण अशा अवस्थेत लिहिलं तर विंडोज परत उठल्यावर दोघांचा हिशेब जुळत नाही आणि फाइली बिघडतात.

उपाय विंडोजमध्ये. कंट्रोल पॅनेल, त्यात पॉवर ऑप्शन्स, डाव्या बाजूला 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल', आणि खाली 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' समोरची खूण काढायची. सेव्ह करून संगणक बंद करायचा. घाई असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउन केलं तरी त्या वेळेपुरता तो पूर्ण बंद होतो. रीस्टार्टमध्येही पूर्णच बंद होतो. अनेकांना हे ऐकून नवल वाटतं, पण फास्ट स्टार्टअप रीस्टार्टला लागू नाही.

'डर्टी' असा संदेश बाहेरच्या डिस्कबद्दल आला तर बहुधा ती कधीतरी न विचारता ओढून काढलेली असते. ती विंडोजला लावा, ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. दोन मिनिटांचं काम.

इंटरनेटवर याच अडचणीला एक जबरदस्तीचा उपाय सांगितलेला सापडतो: लिनक्समधून हायबरनेशनची फाइल काढून टाका, डिस्क बळाने माउंट करा. कृपया करू नका. तुम्हाला जुन्या डिस्कवरून फाइली फक्त *बाहेर* काढायच्या आहेत. 'फक्त वाचा' अशी डिस्क उघडत असेल तर त्या कामाला ती पुरेशी आहे. किंबहुना जुन्या डिस्कवर लिहिता येत नाही हे त्या दिवशी आपल्या फायद्याचंच.

डिस्क उघडताना पासवर्ड मागितला तर ती बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्याच एन्क्रिप्शनच्या सोयीने, कुलूपबंद आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर हे कुलूप मालकाला न कळताच लागलेलं असतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' बंद करा आणि उलगडायला काही तास द्या. ते जमत नसेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यात ४८ अंकी रिकव्हरी की असते, ती कागदावर उतरवून घ्या. ती नसेल आणि विंडोजही उठत नसेल, तर त्या डिस्कवरचं काहीही मिळत नाही. माझ्या माहितीतल्या एका घरी असंच झालं, मुलीच्या बारशाचे फोटो होते. म्हणून हे सगळ्यात आधी तपासा.

फोल्डर दिसतो, फाइल दिसते, पण आत काहीच नाही

हे वनड्राइव्हमुळे, म्हणजे फाइली इंटरनेटवर ठेवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या सोयीमुळे, होतं. विंडोजने 'तुमचे डॉक्युमेंट्स सुरक्षित ठेवू का' असं कधीतरी विचारलेलं असतं, आपण 'हो' म्हटलेलं असतं. तेव्हापासून डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये गेलेले असतात आणि जुन्या फाइली फक्त नावापुरत्या डिस्कवर उरतात. खरी फाइल सर्व्हरवर. विंडोजमध्ये अशा फाइलीपुढे ढगाचं चिन्ह असतं. लिनक्सला ती फाइल तुटलेला दुवा वाटते.

उपाय पुन्हा विंडोजमध्येच: वनड्राइव्हच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, इंटरनेट चालू ठेवा, आणि सगळ्या ढगांच्या जागी हिरवी टिक येईपर्यंत थांबा. मगच कॉपी.

कॉपी मध्येच अडते

याची कारणं तीन-चार आहेत आणि प्रत्येकाची ओळख वेगळी.

एकच मोठी फाइल जात नाही, बाकी सगळ्या जातात: पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्यात एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. लग्नाचं, मुंजीचं चित्रीकरण हमखास इथे अडतं. पेनड्राइव्हमध्ये जागा भरपूर दिसते म्हणून लोक चक्रावतात. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. विंडोज, मॅक आणि आजचे सगळे लिनक्स ते वाचतात. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं, तेव्हा आधी रिकामा करून घ्या.

दुसरं कारण खास आपलं आहे, म्हणजे देवनागरीत नावं देणाऱ्यांचं. पंचवटीतल्या माझ्या आत्याला फाइलीला वाक्यासारखं नाव द्यायची सवय आहे. २०१५ च्या सिंहस्थाचे तिचे फोटो मी हलवत होते. फोटो शेकड्यांनी होते आणि नावात तारीख, पर्वणी, कोण कोण सोबत होतं, कुठल्या घाटावर, सगळं. फार सुंदर सवय आहे ती. दहा वर्षांनी कुणालाही न विचारता कळतं की फोटोत उजवीकडून तिसऱ्या कोण. पण कॉपी दर थोड्या वेळाने थांबायची आणि 'फाइल नेम टू लाँग' म्हणायची.

विंडोजची डिस्कवर फाइली ठेवण्याची एनटीएफएस पद्धत नावाला २५५ *अक्षरचिन्हं* देते. लिनक्सची ईएक्सटी४ पद्धत २५५ *बाइट* देते. इंग्रजी अक्षर एका बाइटचं असतं, त्यामुळे इंग्रजी नावांना फरक जाणवत नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि इथे काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. 'त्र्यंबकेश्वर' हा एक शब्द घ्या. डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात, संगणकासाठी ती तेरा चिन्हं आहेत, म्हणजे ३९ बाइट. सगळं मिळून देवनागरी नावाला ८५ चिन्हं मिळतात, त्यातूनही शेवटचं 'डॉट जेपीजी' वजा. इन्स्टॉल करताना होम फोल्डर एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय निवडला असेल आणि तो ईक्रिप्टएफएस पद्धतीचा असेल तर मर्यादा आणखी खाली येते, १४३ बाइट, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हं.

उपाय म्हणजे जुन्या संगणकावरच नावं लहान करणं. तीस-पस्तीस दिसणाऱ्या अक्षरांच्या आत ठेवलं की सहसा अडत नाही; होम फोल्डर एन्क्रिप्ट केलेला असेल तर याहूनही लहान ठेवा. पण नावातली माहिती फेकून देऊ नका. आत्याच्या बाबतीत आम्ही प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी मजकूर फाइल केली, त्यात फोटोचा क्रमांक आणि पूर्वीचं पूर्ण नाव. त्याला तिच्या दोन दुपारी लागल्या. तिने एकही नाव गाळलं नाही.

ती फाइल नोटपॅडमध्ये करणार असाल तर सेव्ह करताना एन्कोडिंगमध्ये 'यूटीएफ-८' आहे ना ते बघा. जुन्या नोटपॅडमध्ये आपोआप 'एएनएसआय' असायचं. त्यात मराठी जतन केलं की सगळ्या अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत अक्षरं होत नाहीत.

तिसरं: कॉपी प्रत्येक वेळी त्याच फाइलीवर थांबते, संगणक गोठतो, डिस्कमधून टक्-टक् आवाज येतो. ही डिस्क मरायला लागली आहे. इथे पुन्हा पुन्हा प्रयत्न करणं हेच नुकसान करतं. थांबा. मिंटमधल्या 'डिस्क्स' या प्रोग्राममध्ये स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचा अहवाल, बघा. त्यात 'रीअलोकेटेड' किंवा 'पेंडिंग सेक्टर' वाढलेले दिसले तर आधी सगळ्यात महत्त्वाच्या दहा-वीस फाइली काढा. बाकीच्यासाठी डीडीरेस्क्यू वापरा. हा प्रोग्राम खराब भाग आधी सोडून देतो, चांगलं तेवढं पहिल्या फेरीत उचलतो आणि मग अवघड भागाकडे वळतो. आवाज येत असेल तर मात्र डिस्क बंद करून जाणकाराकडेच द्या.

शेवटचं कारण नुसतं वेगाचं. जुन्या यूएसबी २ पोर्टमधून सेकंदाला साधारण ३० एमबी जातात. ५०० जीबीला साडेचार तासांहून जास्त लागतात. लोकांना वाटतं अडकलं, आणि ते मध्येच वायर काढतात. यूएसबी ३ चं पोर्ट बहुधा आतून निळं असतं, ते वापरा. जुनी डिस्क काढून केसिंगमध्ये घालत असाल तर लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्याच विजेवर चालते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंचीला वेगळा अॅडॅप्टर लागतो. वीज जाण्याची शक्यता असेल तर डेस्कटॉपवर हे काम यूपीएसशिवाय सुरू करू नका.

शंभर टक्के झालं, तरी फाइल शून्य बाइटची

लिनक्स आधी फाइल मेमरीत घेतो आणि मग सवडीने पेनड्राइव्हवर उतरवतो. पट्टी शंभर टक्के दाखवते तेव्हा बरंचसं अजून मेमरीतच असतं. त्या क्षणी पेनड्राइव्ह ओढला की नावं पोहोचतात, मजकूर पोहोचत नाही. 'इजेक्ट' दाबा आणि आता काढायला हरकत नाही असा संदेश येईपर्यंत हात लावू नका. मोठ्या कॉपीनंतर याला पाच-दहा मिनिटंही लागतात.

आकडे जुळत नाहीत

हा प्रश्न मला जवळपास प्रत्येकाने विचारला आहे: "विंडोजमध्ये १०० जीबी होतं, इथे १०७ जीबी दाखवतंय. काय जास्तीचं आलं?" काही नाही. विंडोज १०२४ च्या पटीत मोजते आणि त्याला जीबी म्हणते; मिंट १००० च्या पटीत मोजतो. तोच ऐवज, दोन मापं. विंडोजच्या प्रॉपर्टीजमध्ये बाइटचा पूर्ण आकडा असतो तो टिपून ठेवा, आणि फाइलींची व फोल्डरांची संख्याही. मिंट फाइली आणि फोल्डर एकत्र मोजतो, तेव्हा विंडोजमधल्या दोन आकड्यांची बेरीज करून ताडा.

संख्या जुळणं म्हणजे आतला मजकूर जुळणं नव्हे. त्यासाठी मी जीआरसिंक हा कॉपी करून ताडून बघणारा प्रोग्राम वापरते. पहिल्यांदा साधी कॉपी, मग 'चेकसम'चा पर्याय लावून तोच आदेश नुसता चाचणी म्हणून पुन्हा चालवायचा. दोन्हीकडच्या फाइली तो अक्षरन् अक्षर तपासतो, आणि जी वेगळी निघेल तिचं नाव दाखवतो. वेळ लागतो, रात्री लावून झोपावं. हे न करता जुनी डिस्क पुसायला मी कधीच होकार देत नाही.

मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं

आता मामांकडे येते, कारण सगळ्यात जास्त वेळ, आणि सगळ्यात जास्त काळजी, इथेच लागते.

मामांच्या फाइलींमध्ये मराठी अक्षरं कधी नव्हतीच. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव, शिवाजी या जुन्या पद्धतींमध्ये फाइलीत इंग्रजी अक्षरांचे क्रमांकच साठवले जातात. फॉन्ट त्या क्रमांकाच्या जागी मराठी आकार काढतो. कृतिदेवमध्ये इंग्रजी 'डी' च्या जागी 'क' काढलेला असतो. फॉन्ट आहे तोवर 'क' दिसतो, फॉन्ट गेला की 'डी'. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी, त्यामुळे श्रीलिपीतला मजकूर कृतिदेव लावून वाचता येत नाही. युनिकोडमध्ये मात्र 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे. फॉन्ट कुठलाही असो, 'क' हा 'क'च राहतो.

तेव्हा पहिला प्रश्न: तुमच्या फाइली कुठल्या प्रकारच्या? जुन्या संगणकावर फाइल उघडा, मजकूर निवडा आणि फॉन्टचं नाव बघा. मंगल, निर्मला, कोकिळा, अपराजिता असेल तर तो युनिकोड आहे. लिनक्सवर तो नोटो किंवा लोहित फॉन्टमध्ये दिसेल, ओळी थोड्या इकडच्या तिकडे होतील, बाकी काही नाही. नाव श्री, डीव्हीबी, कृतिदेव, शिवाजी अशापैकी असेल तर पुढचं वाचा. फॉन्टचं *पूर्ण* नाव आणि त्यापुढचा आकडा वहीत लिहून ठेवा. तो आकडा नंतर लागतो.

विंडोज अजून चालू आहे, तर पहिलं काम म्हणजे पीडीएफ. ज्या ज्या फाइलीची पुन्हा गरज पडेल तिची पीडीएफ जुन्याच मशीनवर काढा. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बांधला जातो. लिनक्सवर ती उघडून प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट्स बघा. 'एम्बेडेड' लिहिलेलं असेल तर ती पीडीएफ आता कुठेही तशीच दिसेल. मामांकडे हजारो फाइली होत्या. आम्ही सगळ्या केल्या नाहीत. गेल्या पाच वर्षांच्या केल्या, आणि त्याआधीच्यांपैकी ज्या घराण्यांची पत्रिका मामांकडेच होते त्यांच्या. कुठल्या ठेवायच्या ते मामांनी एका बैठकीत तोंडपाठ सांगितलं.

दुसरं काम फॉन्टच्या फाइली घेण्याचं. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून त्या कॉपी करून लिनक्सवर उघडल्या की 'इन्स्टॉल' विचारतो. बरेच फॉन्ट असे चालतात, काही चालत नाहीत, कारण त्यांची आतली रचना फार जुनी आहे. विकत घेतलेल्या पॅकेजचे फॉन्ट असतील तर परवान्यात काय लिहिलं आहे तेही बघा.

तिसरं काम मजकूर युनिकोडमध्ये बदलण्याचं. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. वहीत लिहिलेलं फॉन्टचं नाव इथे लागतं, कारण चुकीचं नाव दिलं की मजकूर अर्धवट बरोबर येतो, आणि अर्धवट बरोबर आलेला मजकूर पूर्ण चुकलेल्यापेक्षा धोक्याचा. आम्हाला ज्या चुका पुन्हा पुन्हा सापडल्या त्या सांगते. अर्धा र आधी बघा: 'नवऱ्या मुलाचे' याचं 'नवर्या' होतं. पत्रिकेत ही चूक गेली तर मामांना महिनाभर झोप लागणार नाही. मग 'चि. सौ. कां.' मधली टिंबं, कारण जुन्या फॉन्टमध्ये विरामचिन्हांच्या जागाही अक्षरांना दिलेल्या असतात. मग मजकुराच्या मध्ये आलेले ईमेल पत्ते आणि इंग्रजी नावं, त्यांचं कन्व्हर्टर मराठी करून टाकतो. आकडे आणि मुहूर्ताची वेळ तर मूळ छापील प्रत समोर ठेवूनच तपासा. ११ वाजून ४७ मिनिटं हा मुहूर्त असेल तर तो तेवढाच राहिला पाहिजे.

पत्रिका मांडायच्या पेजमेकर या जुन्या प्रोग्रामच्या मूळ फाइलींचं काय? लिनक्सवरच्या लिब्रेऑफिस या ऑफिस पॅकेजमधला ड्रॉ त्या उघडतो, पण मांडणी विस्कटते. पेजमेकर ७ हीच शेवटची आवृत्ती, २००१ ची. तिच्यापुढे रस्ता नाही. माझं स्पष्ट मत असं की ते काम लिनक्सवर ओढून आणण्यात वेळ घालवू नये. मामांचं जुनं मशीन आता इंटरनेटशिवाय कोपऱ्यात चालू आहे. जुनी पत्रिका पुन्हा हवी झाली तर त्यावर. नवी पत्रिका युनिकोडमध्ये, नव्या मशीनवर.

हाच सल्ला टॅली वापरणाऱ्यांना. टॅली विंडोजसाठी आहे. डेटाच्या फोल्डरची प्रत दोन ठिकाणी ठेवा आणि टॅलीचं मशीन टॅलीसाठी राहू द्या. जीएसटीचे हिशेब त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपून ठेवायचे असतात. तेव्हा "जुनं आहे, जाऊ दे" असं म्हणून ते पुसू नका.

तारखा उलटल्या

निफाड तालुक्यातल्या मावसभावाच्या द्राक्षबागेची फवारणीची नोंद एका सीएसव्ही फाइलीत, म्हणजे साध्या मजकुरात ठेवलेल्या तक्त्यात, होती. मिंट बसवताना भाषा 'इंग्लिश, युनायटेड स्टेट्स' तशीच राहिली. लिब्रेऑफिसने '०५/१०/२०२४' ला ५ ऑक्टोबरऐवजी १० मे समजलं. '१८/१०/२०२४' ला तारीखच मानली नाही, कारण अठरावा महिना नसतो; ती नुसता मजकूर म्हणून डाव्या कडेला चिकटून राहिली. एका रांगेत काही तारखा उजवीकडे, काही डावीकडे दिसल्या की हाच घोळ समजा.

बागाईतदाराला हे किती महागात पडतं ते इथल्या लोकांना सांगायला नको. ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस मोजून फवारणी ठरते, आणि शेवटची फवारणी ते काढणी यांत किती दिवस गेले ते निर्यातीच्या मालाला दाखवावं लागतं. पाच महिन्यांचा फरक पडलेली नोंद कुणाला दाखवणार?

फाइल उघडताना जी आयातीची खिडकी येते तिच्यात तारखेचा स्तंभ निवडून प्रकार 'डेट, डीएमवाय' करा. कायमचा उपाय म्हणजे लिब्रेऑफिसच्या ऑप्शन्समध्ये लँग्वेज सेटिंग्जखाली लोकेल 'इंग्लिश, इंडिया' किंवा मराठी ठेवणं. चुकीच्या तारखांसह एकदा सेव्ह केलं की कुठली बरोबर आणि कुठली उलटी ते ओळखता येत नाही, म्हणून मूळ सीएसव्हीला हात न लावता प्रतीवर काम करा. एक्सेलच्या नेहमीच्या फाइलीत तारीख म्हणूनच भरलेली नोंद आतून आकडा म्हणून साठवलेली असते, तिला हा त्रास नाही.

राहिलेलं थोडं

क्रोमचं प्रोफाइल फोल्डर कॉपी केल्याने पासवर्ड येत नाहीत. ते विंडोजच्या खात्याला बांधलेले असतात. जुन्या संगणकावरच क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमधून निर्यात करा, नव्यावर आयात करा, आणि ती फाइल लगेच कायमची पुसा, कारण तिच्यात सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले असतात. फायरफॉक्सचं प्रोफाइल मात्र जसंच्या तसं जातं.

मजकुराच्या फाइलीवर क्लिक केलं की मिंट 'चालवू की दाखवू' विचारतो, तेव्हा घाबरू नका. विंडोजच्या डिस्कवरून आलेल्या फाइलींवर 'चालवता येते' अशी खूण आपोआप पडते. 'दाखवा' म्हणा.

दोन्ही प्रणाली एकाच संगणकावर ठेवल्या असतील आणि घड्याळ साडेपाच तासांनी पुढेमागे होत असेल तर घड्याळ बिघडलेलं नाही. लिनक्स यंत्रातल्या घड्याळाला जागतिक वेळ समजतो, विंडोज स्थानिक. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की थांबतं.

मामांची जुनी डिस्क पुसलेली नाही. तिची एक पूर्ण प्रत माझ्याकडे गंगापूर रोडला आहे, म्हणजे नदीच्या पाण्यापासून लांब, आणि दुसरी त्यांच्या घरी कपाटात. दोन्हींवर तारीख लिहिलेली चिकटपट्टी आहे. परवा एक गृहस्थ दुकानात आले होते. त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मामांनीच केली होती, आता धाकटीची करायची आहे आणि वरचा गणपती, श्लोक, सगळं तसंच हवंय. मामांनी नव्या मशीनवर पीडीएफ उघडली, युनिकोडमधला मजकूर शेजारी घेतला आणि मला फोन केला: "'नवऱ्या'तला र नीट आलाय, बघितला मी."